उरलेले तुकडे

पाच भाकरी आणि दोन मासे ह्यांचा प्रसंग चारही शुभवर्तमानकारांनी सांगितला आहे. हिरवळीवर पंक्तीने बसलेला जनसमुदाय, टोपली घेऊन उभा असलेला लहान मुलगा आणि मध्यभागी प्रभू येशू, हे चित्र आपल्यापैकी अनेकांच्या घरी भिंतीवर असते. बारा टोपल्या उरल्या हे चौघेही सांगतात. परंतु उरलेले तुकडे वेचून घ्या, त्यांतले काही वाया जाऊ देऊ नका, अशी आज्ञा खुद्द प्रभूने शिष्यांना दिली, हे एकटा योहान नोंदवतो.

सेमिनरीत आम्हांला पवित्र शास्त्र शिकवणाऱ्या एका वृद्ध गुरुजींनी ह्या ओळीपाशी पुस्तक मिटले आणि विचारले, "ज्याला पाच भाकरींत पाच हजारांचे पोट भरता येते, त्याला तुकड्यांची चिंता कशासाठी? उद्या भूक लागली असती, तर उद्याही त्याने भाकरी दिल्या असत्या." आम्ही हसलो. गुरुजींनी उत्तर दिले नाही. घंटा झाली आणि आम्ही जेवायला गेलो. (तेथे ताटात अन्न टाकण्याची सक्त मनाई होती, हे ओघाने सांगतो.) तीसएक वर्षांनी तो प्रश्न माझ्यापुढे पुन्हा येऊन उभा राहिला, आणि त्याला निमित्त झाले ते एसीचे.

आमच्या धर्मग्रामातील एका सधन व सज्जन कुटुंबाने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ संपूर्ण चर्च वातानुकूलित करून देण्याची तयारी दाखवली. देणगीमागे दिखावा नव्हता. ती माउली आयुष्यभर पहाटेची मिस्सा चुकवीत नसे. परंतु शेवटची दोन वर्षे एप्रिल-मे महिन्यांतील घुसमट सहन न झाल्याने तिला घरीच राहावे लागले, आणि ते तिच्या मुलांच्या मनाला लागून राहिले होते. "आमच्या आईसारखी दुसऱ्या कोणाची आई घरी राहू नये, फादर," थोरला मुलगा म्हणाला. अशा वाक्यापुढे कोणता धर्मगुरू चटकन 'नाही' म्हणू शकेल?

प्रस्ताव धर्मग्राम परिषदेपुढे आला. बहुतेकांना आनंद झाला. वसईतल्या उन्हाळ्यात उकाड्याबरोबर खाऱ्या हवेचा चिकटपणाही असतो, आणि रविवारच्या साडेनऊच्या मिस्सेला सहाशे माणसे बसली की पंखे केवळ गरम हवा ढवळत राहतात. मी थोडा आडवळणाने बोललो. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली 'लाउदातो सी' ह्या परिपत्रकात वातानुकूलनाच्या वाढत्या वापराचा नाव घेऊन उल्लेख केला आहे, आपण विचार करू या, असे काहीसे म्हणालो. तेव्हा मागच्या बाकावरचे एक आजोबा उठले. त्यांच्या आवाजात उपहास नव्हता, केवळ जिज्ञासा होती. ते म्हणाले, "फादर, तुमच्या खोलीत एसी आहे ना? मग देवाच्या घरात का नको?"

सभा शांत झाली. माझ्याजवळ उत्तर नव्हते, आणि ते नव्हते हे सर्वांना दिसले.

एसी माझ्या खोलीत होता, हे खरे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात रक्तदाबाचे निमित्त करून मी तो बसवून घेतला. डॉक्टरांनी तसे सांगितले नव्हते. तसे त्यांनी सांगितले असावे असे मीच लोकांना वाटू दिले. परंतु मला अधिक टोचते ती दुसरीच गोष्ट. एके दुपारी अंत्यविधीसाठी घाईने निघालो. तेथून दफनभूमीत, दफनभूमीतून शोकाकुल घरी, असे करीत चार तासांनी परतलो. दार उघडले तर खोली गारेगार. एसी चालूच राहिला होता. बाहेर ओसरीच्या पायरीवर आमचे चर्चचे सेवक, साठी ओलांडलेले गृहस्थ, टॉवेलने वारा घेत बसले होते. त्यांच्या खोलीवर पत्रा आहे. चार तास एक रिकामी खोली थंड राहिली, आणि भिंतीच्या पलीकडे एक माणूस तापत राहिला. मी आत जाऊन बटण बंद केले आणि त्यांच्याशी काहीतरी भलतेच बोललो.

ह्या घटनेला पाप म्हणावे काय? आपल्या आत्मपरीक्षणाच्या छापील पुस्तिकांत दहा आज्ञांनुसार प्रश्न दिलेले असतात: खोटे बोललो का, चोरी केली का, आईवडिलांचा अवमान केला का. वीज वाया घालवली का, हा प्रश्न माझ्या पाहण्यात कुठे नाही. त्यात आश्चर्य नाही. आपले नीतिशास्त्र जेव्हा घडले, तेव्हा माणूस दिवा लावी तो तेलाचा, आणि तेल संपते हे त्याच्या डोळ्यांना दिसे. शहाण्या आणि मूर्ख कुमारिकांचा दाखला त्या काळच्या श्रोत्यांना समजावून सांगावा लागला नसेल. आज बटण दाबल्यावर काय संपते, ते आपल्याला दिसतच नाही.

म्हणून प्रथम थोडा हिशेब करणे भाग आहे. कंत्राटदाराने आमच्या चर्चसाठी चाळीस टनांच्या यंत्रणेचा अंदाज दिला. टनामागे ढोबळमानाने ताशी एक युनिट धरले, तर तासाला चाळीस युनिट वीज. रविवारच्या मिस्सा, धर्मशिक्षण, बाप्तिस्मा असे पाच तास धरले की दोनशे युनिट. आमच्याच धर्मग्रामातील काटकसरी कुटुंब महिन्याला सुमारे शंभर युनिट वापरते. म्हणजे त्याची दोन महिन्यांची वीज आम्ही एका रविवारी खर्च करणार. देशाच्या विजेत कोळशाचा वाटा अजूनही सर्वांत मोठा असल्यामुळे दर युनिटामागे सरासरी सातशे ग्रॅमच्या आसपास कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. एका रविवारचा सुमारे एकशे चाळीस किलो. आणि बिल? ते देणगीदार भरणार नव्हते. यंत्रणा त्यांची, बिल धर्मग्रामाचे. म्हणजे ते दानपेटीतून जाणार. प्रभूने जिचे कौतुक केले त्या विधवेची दोन नाणी आपण कशासाठी खर्च करतो, हा प्रश्न कोणत्याही धर्मग्रामाच्या खजिनदाराला अस्वस्थ करणारा असायला हवा.

परंतु आकडे अपुरे असतात. वीज येते कुठून, हे पाहिले की त्यांना चेहरा येतो. आपल्याच धर्मप्रांतात, डहाणूच्या खाडीकाठी, ५०० मेगावॉटचे औष्णिक वीजकेंद्र आहे. १९९१ साली केंद्र सरकारने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित केला होता. तरीही केंद्र उभे राहिले आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास सुरू झाले. १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्या तालुक्याच्या रक्षणासाठी स्वतंत्र प्राधिकरण नेमायला लावले. चिकूचे बागायतदार आणि पर्यावरणप्रेमी वर्षानुवर्षे झगडले, तेव्हा कुठे धुरातील गंधक काढणारी यंत्रणा २००७ साली बसली. वीज जाते मुंबईच्या उपनगरांना. धूर मात्र डहाणूच्या आकाशात. तिकडे चंद्रपूरला २९२० मेगावॉटचे केंद्र आहे. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची जी यादी केली, तीत चंद्रपूर वरच्या क्रमांकांत होते. आणि परळी! वाफेसाठी आणि यंत्रे थंड ठेवण्यासाठी औष्णिक केंद्राला अफाट पाणी लागते. २०१५ च्या दुष्काळात पाण्याअभावी परळीचे केंद्र बंद ठेवावे लागले. ज्या मराठवाड्यात माणसे टँकरची वाट पाहत रांगेत उभी राहतात, त्याच मराठवाड्यात पाणी आटवून वीज तयार होते, आणि ती तारांच्या एकाच जाळ्यातून सगळीकडे वाहते. माझ्या रिकाम्या खोलीत त्या दुपारी कोणत्या केंद्राची वीज आली, हे कोणीही सांगू शकणार नाही. जाळे म्हणजे हेच. आपण कोणाचे काय घेतो, हे ते कळू देत नाही.

लूकच्या शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाजर ह्यांचा दाखला मला येथे आठवतो. त्या श्रीमंताने लाजराला मारले नाही, हाकलले नाही, त्याची भाकरी हिसकावली नाही. तो केवळ रोज चैनीत जेवत राहिला, आणि दाराशी पडलेला माणूस त्याला दिसला नाही. ह्या न दिसण्याबद्दल त्याला जाब द्यावा लागला. पण निदान त्याचा लाजर दाराशीच होता. आपले दार आता शेकडो किलोमीटर लांब झाले आहे. आपला लाजर परळीला रांगेत उभा आहे, डहाणूत चिकूच्या पानावरची राख पुसतो आहे. आणि कदाचित तो अजून जन्मालाही आलेला नाही. अरबी समुद्र तापत चालला आहे आणि त्यावर उठणारी वादळे अधिक तीव्र होत चालली आहेत. मे २०२१ मधील तौक्ते चक्रीवादळ आपल्या किनाऱ्याला घासून गेले, तेव्हा वसईच्या वाड्यांतील केळी आडव्या झालेल्या आपण पाहिल्या. त्या एकाच वादळाचे खापर कोणा एकाच्या एसीवर फोडणे शास्त्रशुद्ध नाही. तरीही तापत्या समुद्राच्या किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी समुद्र का तापतो, हे विचारायला नको काय?

येथे नीतिशास्त्राचा अभ्यास केलेला मनुष्य एक आक्षेप घेईल, आणि तो आक्षेप हलका नाही. आम्ही सेमिनरीत 'दुष्कृत्यातील सहकार्य' नावाचा एक किचकट पाठ शिकलो. दुसऱ्याच्या वाईट कृत्याला आपला हात लागला तर दोष किती? वाईट हेतूत सामील असाल तर दोष पूर्ण; हेतूत सामील नसाल, केवळ कृतीने मदत झाली असेल, तर ती मदत किती जवळची, किती दूरची, आणि तसे करण्यामागे कारण किती गंभीर, हे पाहायचे. ह्या पाठातले जुने उदाहरण नोकराचे आणि शिडीचे आहे. मालक दुष्ट हेतूने परक्या घराच्या खिडकीतून आत शिरतो आणि नोकर त्याला खांदा देतो, शिडी आणून धरतो. नोकराला नोकरी गमावण्याची भीती आहे. तो निर्दोष, असे म्हणणाऱ्या पंडितांचे मत १६७९ साली पोप अकरावे इनोसंट ह्यांनी फेटाळून लावले. पुढे संत आल्फान्सस लिगोरी ह्यांनी ह्या प्रश्नाचा बारकाईने विचार केला. ह्या मापाने मोजले, तर माझ्या एका बटणाचा समुद्राच्या तापण्याशी संबंध इतका दूरचा, इतका नगण्य, की कोणताही पापनिवेदन ऐकणारा गुरू मला निर्धास्त घरी पाठवील.

आक्षेप खरा आहे. परंतु जुन्या उदाहरणात एक गोष्ट गृहीत धरलेली आहे: शिडीवर चढणारा कोणीतरी आहे. दुष्कृत्य त्याचे, आणि आपण त्याचे साहाय्यक. आपल्या बाबतीत तसे नाही. येथे शिडी धरणारे हात कोट्यवधी आहेत, आणि वर चढणारा कोणीच नाही. वर पाहिले तर रिकामी खिडकी दिसते. समुद्र तापावा असा कोणाचाच हेतू नाही. कोळसा कंपनीचाही नाही. तरी तो तापतो. प्रत्येकाचा वाटा क्षमा करण्याइतका लहान आहे आणि सर्वांचे मिळून होणारे नुकसान क्षमा करण्यापलीकडे आहे. अशा दुष्कृत्यासाठी आपल्या जुन्या ग्रंथांत प्रकरण नाही, असे मला प्रामाणिकपणे वाटते. 'माझ्या एकट्याने काय होणार' हे वाक्य प्रत्येकाच्या तोंडी खरे असते आणि सर्वांच्या मिळून तोंडी खोटे ठरते. ही गाठ केवळ तर्काने सुटत नाही.

पोप फ्रान्सिस ह्यांनाही ती ठाऊक होती. 'लाउदातो सी' मध्ये अनावश्यक दिवे मालवण्यासारख्या गोष्टींचा उल्लेख करून त्यांनी अशा प्रयत्नांनी जग बदलणार नाही असे समजू नका, असे बजावले. २०२३ च्या 'लाउदाते देउम' मध्ये त्यांचा सूर अधिक कठोर झाला: मोठे बदल राजकीय निर्णयांतूनच येतील हे त्यांनी मान्य केले, पण घराघरांतल्या प्रयत्नांतून एक नवी संस्कृती आकार घेते हेही सोडले नाही. त्याच पत्रात अमेरिकेतील माणसामागे होणाऱ्या उत्सर्जनाची गरीब देशांशी तुलना त्यांनी केली. तो मुद्दा आपल्याकडे आवडीने उचलला जातो. भारतीय माणसामागे वर्षाला सुमारे दोन टन कार्बन डायऑक्साइड, अमेरिकी माणसामागे सुमारे चौदा टन. मग आम्हांला उपदेश कशाला? राष्ट्राराष्ट्रांतल्या वाटाघाटींत हा युक्तिवाद न्याय्यच आहे, आणि तो आपल्या प्रतिनिधींनी ठणकावून मांडावा. परंतु 'भारतीय माणूस' नावाचा माणूस रस्त्यात भेटत नाही. भेटतो तो चार एसी आणि दोन मोटारी असलेला माझा धर्मग्रामस्थ, आणि भेटते ती वसई पूर्वेच्या पाड्यावर एका बल्बखाली स्वयंपाक करणारी आदिवासी बाई. त्या बाईने वापरलेली नाही इतकी कमी वीज आपल्या खात्यावर जमा दाखवून आपण सरासरीमागे लपतो. लाजराच्या उपासमारीचा फायदा श्रीमंताने आपल्या हिशेबात धरावा, तसे हे आहे.

एक सावधगिरी येथे घ्यायला हवी. थंडावा म्हणजे चैन, असे सरसकट म्हणणे क्रूरपणाचे होईल. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघरला उघड्या मैदानावर झालेल्या सोहळ्यात उष्माघाताने दहाहून अधिक माणसे दगावली. उन्हाळे बदलले आहेत. ज्या म्हाताऱ्या शरीराला घाम येईनासा झाला आहे, ज्या हृदयरोग्याची झोप उडाली आहे, त्याला एसी हा औषधासारखा आहे, आणि औषधाबद्दल कोणी अपराधी वाटून घेऊ नये. शंकेखोर मनाने प्रत्येक बटणापाशी थबकणे ही सद्गुणाची खूण नव्हे. संत थॉमस अक्विनास ह्यांनी संयमाची व्याख्या उपभोगाच्या तिरस्कारावर उभारली नाही. जीवनाच्या गरजेचे माप त्यांनी संयमाला दिले. प्रश्न गरजेचा आहे, आणि गरज ही सहाशे जणांना सारखी नसते. आमच्या साडेनऊच्या मिस्सेत थंडाव्याची खरी गरज असलेली माणसे किती, हे मी दोन रविवार मोजले. तीस-पस्तीस.

दुसरी सावधगिरी तंत्रज्ञानाबद्दल. परिषदेतील तरुण अभियंत्याने सुचवले, "फादर, शाळेच्या गच्चीवर सोलर बसवू, मग एसीचे पाप लागणार नाही." सोलरला माझा पूर्ण पाठिंबा आहे. आपल्याकडे एक किलोवॉटच्या पॅनेलांतून दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या केंद्राच्या सूर्यघर योजनेत घरगुती छतांसाठी तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान आहे, आणि ज्यांच्या घरावर स्वतःचे छप्पर आहे त्यांनी ते जरूर घ्यावे. व्हॅटिकननेही २००८ साली पोप सहावे पॉल ह्यांच्या नावाच्या सभागृहावर दोन हजारांहून अधिक सौर पॅनेल बसवली. तरीपण एक जुना इशारा लक्षात ठेवावा. विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स ह्या इंग्रज अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दाखवले की वाफेची इंजिने कमी कोळशात चालू लागली, तेव्हा कोळशाचा एकूण वापर घटला नाही, वाढला. त्याचे प्रात्यक्षिक आपल्या गावांत दर नाताळला होते. साठ वॉटच्या पिवळ्या बल्बच्या जागी नऊ वॉटचे एलईडी आले. २०१५ साली सुरू झालेल्या सरकारी योजनेतून असे ३६ कोटींहून अधिक बल्ब वाटले गेले, आणि विजेची फार मोठी बचत झाली, हे चांगलेच झाले. पण पूर्वी आपल्या दारात कागदाचा एक तारा लागे, त्यात एक बल्ब, आणि तोही नाताळची रात्र ते तीन राजांचा सण एवढाच. आता एलईडीला वीज लागतेच किती, असे म्हणत गच्ची, कुंपण, नारळाची झाडे, सगळे एक डिसेंबरपासून उजळते. यंत्र काटकसरी झाले. माणूस झाला नाही.

काटकसर हा शब्द लिहिताना मला आपल्या आज्यांची आठवण होते. रहाटाच्या पाण्यावर वाडी पिकवणाऱ्या त्या पिढीला नळ गळलेला सहन होत नसे. खोलीतून बाहेर पडताना दिवा मालवला नाही, तर आजी ओरडे, आणि आम्ही तिला चिक्कू म्हणत असू. आम्ही चुकत होतो. कंजूष माणूस वाचवतो ते स्वतःसाठी, आणि वाचवल्यावर कुलूप लावतो. आजी वाचवी, आणि तिच्या दारातून भिकारी रिकाम्या हाताने गेला नाही. दोघांचा हात बटणाकडे सारखाच जातो, हेतू निराळा. त्या बारा टोपल्यांचे पुढे काय झाले, हे शुभवर्तमानात नाही. शिष्यांनी त्या डोक्यावर घेऊन कुठे नेल्या, कोणाला दिल्या? मला वाटते, वाटेतल्या गावांत कोणाच्या तरी पोटात गेल्या असाव्यात. आणि मग गुरुजींच्या प्रश्नाचे उत्तर निदान माझ्यापुरते मला दिसू लागते. तुकडे वेचण्याची आज्ञा टंचाईतून आलेली नाही. भाकरी कितीही असली तरी ती दान आहे. ती मिळाल्यावर ती कोणाची आहे, कोणासाठी आहे, हे विसरू नये, म्हणून तुकडे वेचायचे. वीज उद्या सगळी सूर्याची झाली, स्वस्त झाली, निर्धूर झाली, तरी रिकाम्या खोलीतला एसी चुकीचाच राहील.

आणखी एक गोष्ट, जी आपल्या वसईकरांना अवघड जाईल. १९८० च्या दशकाच्या अखेरीस हरित वसईच्या चळवळीत आपण रस्त्यावर उतरलो. फादर फ्रान्सिस दिब्रिटो ह्यांच्यासारखे धर्मगुरू पुढे होते; २०२४ साली ते आपल्यातून गेले, तेव्हा त्या दिवसांच्या आठवणी अनेकांनी लिहिल्या. मी तेव्हा कोवळा होतो, पण त्या सभांतला आवेश माझ्या कानांत आहे. विहिरी उपसणारे टँकर आणि हिरवे पट्टे गिळणारे बांधकाम ह्यांच्याविरुद्ध ती लढाई होती, आणि ती लढणाऱ्यांनी मोठी किंमत मोजली. त्या लढाईत प्रतिपक्ष समोर उभा होता, ओळखता येत होता. आज मी बावखले बुजवून बांधलेल्या बंगल्यांना आशीर्वाद द्यायला जातो. ते बंगले आपल्याच माणसांचे असतात, आणि आत सरबत देताना आधी एसी लावला जातो, फादरांसाठी.

आता आमच्या चर्चचे काय झाले, ते सांगतो. एका वास्तुविशारद धर्मग्रामस्थाने छतावर चढून पाहिले. पोर्तुगीज काळात पाया घातलेल्या ह्या इमारतीच्या भिंती हातभर जाड, छत उंच, आणि छताखाली चोहोबाजूंना झरोके. गरम हवा वर चढावी आणि झरोक्यांतून निघून जावी, अशी ती रचना. आम्ही काय केले होते? शोभेसाठी फॉल्स सिलिंग ठोकून झरोके झाकले, कबुतरे येतात म्हणून उरलेले पत्र्याने बुजवले, आणि पूर्ण उघडणाऱ्या लाकडी खिडक्या काढून ॲल्युमिनियमच्या सरकत्या बसवल्या, ज्या कशाही सरकवल्या तरी अर्ध्याच उघडतात. चर्च आम्हीच कोंडले होते आणि आता ते थंड करायला निघालो होतो. सिलिंग काढले. झरोक्यांना जाळी लावली. खिडक्या अजून व्हायच्या आहेत. पैसे जमतील तशा होतील. अठ्ठेचाळीस जुने पंखे ताशी साडेतीन युनिट खात. तीस वॉटच्या नव्या पंख्यांना सगळे मिळून दीड युनिटही लागत नाही. मे महिन्यात साडेनऊची मिस्सा साडेसातला घेतली, त्यावरून झालेली कुरबुर अजून पुरती शमलेली नाही. वेदीच्या बाजूची जुनी खोली काच लावून बंद केली, तेथे तीस-पस्तीस खुर्च्या मांडल्या आणि एसी बसवले. त्यांतला एक माझ्या खोलीतला आहे. मे महिन्यात मला नीट झोप लागत नाही, हे लपवून उपयोग नाही. पहाटेच्या प्रवचनात ते लोकांच्या लक्षात आले असेल.

देणगीदार कुटुंब आधी दुखावले. आईच्या नावाची पाटी संपूर्ण चर्चवर लागायची, ती एका बाजूच्या खोलीवर लागली. मी दोनदा त्यांच्या घरी गेलो, आणि दुसऱ्या खेपेस मी माझ्या रिकाम्या खोलीची ती दुपार त्यांना सांगितली. तेव्हा धाकट्या सुनेने डोळे पुसले, थोरला काहीच बोलला नाही. पैसे मात्र त्यांनी परत मागितले नाहीत. पंखे त्यांच्याच पैशांतून आले. आजोबांनी, ज्यांनी सभेत मला प्रश्न विचारला होता, त्या काचेच्या खोलीत बसायला साफ नकार दिला. आत गार वाटते, पण गायनमंडळाचा आवाज नीट येत नाही, असे त्यांचे म्हणणे. ते अजून मागच्याच बाकावर बसतात.

परवाच्या रविवारी मिस्सेनंतर थोरला मुलगा थांबला होता. मान वर करून तो बराच वेळ झरोक्यांकडे पाहत राहिला. मला वाटले, आता काहीतरी बोलेल. तो म्हणाला, "फादर, डावीकडून तिसरा पंखा आवाज करतोय. उद्या माणूस पाठवतो."